श्रीधर मला कधी ‘नाही’ म्हणाला नाही

मिहिरचा फोन आला तेव्हा मी वेकफील्डजवळच्या एका बंद पडलेल्या पबच्या किचनमध्ये उभी होते. हॉटेलांची जुनी यंत्रं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि नवं हॉटेल काढणाऱ्याला विकायची, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. त्या दिवशी समोर सहा बर्नरची एक दणकट शेगडी होती. तिचा मालक किमतीवर अडून बसला होता आणि मीही. सौदा रंगात आला की मी कोणाचा फोन घेत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दोनदा मी फोन कट केला. मग मेसेज आला. ‘काकाला हार्ट अटॅक आला. काका गेला, आई.’ मी तो वाचला, फोन ॲप्रनच्या खिशात टाकला आणि मालकाला म्हटलं, तू म्हणतोस ती किंमत दिली. तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. शेगडी न घेताच मी बाहेर पडले आणि व्हॅनमध्ये बसल्यावर किल्ली नेमकी कुठे घालायची असते, तेच मला काही वेळ आठवेना...

श्रीधर माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन सांगलीच्या घरात आले तेव्हा तो आठवीत होता. सासरी पहिल्यांदा माझ्याशी कोण मोकळेपणाने बोललं असेल, तर तो. पुढे आम्ही इंग्लंडला, लीड्सला आलो, यांना इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि श्रीधर इंजिनिअर होऊन मास्टर्स करायला अमेरिकेला गेला. तिथे खर्च भागवण्यासाठी त्याने विद्यापीठाच्या फुटबॉल टीमसाठी सामन्यांचे व्हिडिओ कापायचं काम धरलं. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे. अंड्यासारखा लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर हे एवढाले पॅड आणि दर पाच सेकंदांनी सगळे एकमेकांच्या अंगावर. शिकायला गेला होता कॉम्प्युटर आणि परत आला हे वेड घेऊन. लीड्सला नोकरी मिळाली तसा तो आमच्या घरातल्या सर्वांत लहान खोलीत राहायला आला. त्या खोलीत पलंग ठेवला की दार पूर्ण उघडत नसे. तिथे तो अडीच वर्षं राहिला. माझ्या धंद्याचे ते पहिले दिवस. श्रीधर, आज ब्रॅडफर्डहून फ्रीज आणायचाय. हो वहिनी. श्रीधर, वेबसाइट करून दे. हो वहिनी. शनिवारची झोप सोडून तो माझ्याबरोबर डिशवॉशर उचलायचा आणि संध्याकाळी पिठलं-भाकरीचं ताट समोर आलं की म्हणायचा, “वहिनी, ही मजुरी मला परवडते.” ‘नाही’ हा शब्द त्याच्याकडे नव्हताच. निदान माझ्यासाठी नव्हता.

पुढे त्याने लीड्समधल्याच हेडिंग्ली भागात स्वतःचा भाड्याचा फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं, तो हसला, मी पुन्हा विचारलं नाही. रविवार मात्र त्याने एका विद्यापीठाच्या टीमला देऊन टाकले. इथे हा खेळ हौशी आहे. पोरं स्वतःच्या पैशाने बस करून सामन्याला जातात, चिखलात लोळतात, बघायला चार मैत्रिणी आणि एखादं कुत्रं. श्रीधर तिथे आक्रमणाचा कोच होता, बिनपगारी. या खेळात आक्रमणाचा सगळा भार एका खेळाडूवर असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून अकरा जण त्याला पाडायला धावतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं असतं, कोणाकडे फेकायचा. श्रीधर म्हणायचा, “हात तर पुष्कळांचे चांगले असतात, वहिनी. डोळे तयार करायला वेळ लागतो.” मी मान हलवायचे. माझ्या धंद्यातही गिऱ्हाइकाचे डोळे वाचावे लागतात, तेव्हा मला वाटायचं, यात एवढं काय आहे.

मग माझा मिहिर त्याच विद्यापीठात गेला. उंच, खांदे भरलेले, लहानपणापासून काकाबरोबर तो अंड्यासारखा चेंडू फेकत आलेला. टीममध्ये त्याची निवड झाली. पण पहिलं वर्षभर तो बाकावर बसणार, असं कळलं. क्वार्टरबॅक टॉम नावाचा एक मुलगा होणार होता. तो दोन वर्षं थांबलेला, आता त्याची पाळी आलेली. मी डबा भरला, कोथिंबीरवडी, भरली वांगी, श्रीधरच्या आवडीचं सगळं, आणि त्याच्या फ्लॅटवर गेले. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

“मिहिरला यंदाच खेळव,” मी म्हटलं.

“वहिनी, त्याला दोन वर्षं बसू द्या. बाजूला उभा राहून बघेल, माझ्याबरोबर व्हिडिओ बघेल. तिसऱ्या वर्षी तो टॉमपेक्षा चांगला होईल.”

“दोन वर्षं? डिग्री तीन वर्षांची आहे त्याची!”

“म्हणून तर सांगतोय. घाईत शिकला तर निम्मंच शिकेल.”

“तू माझ्या घरात आलास तेव्हा मी म्हटलं होतं का, की दोन वर्षं बाहेर थांब, मग बघू?”

तो वांग्याचा तुकडा हातात धरून बसला. मला वाटलं, आता हा मध्यावर येईल. एक वर्ष म्हणेल, अर्धे सामने म्हणेल. मी तशाच तयारीने गेले होते, मला एका वर्षावर तोडायचंच होतं. पण तो म्हणाला, “बरं वहिनी. बघतो काय करता येतं ते.” आणि जेवायला लागला. मी जिंकले होते आणि घरी येताना बसमध्ये मला उगाच चुकल्यासारखं वाटत होतं. समोरच्याने घासाघीसच केली नाही की मला नेहमी तसं होतं.

आता त्याने जे केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ज्याला समोरचा बचाव वाचता येत नाही अशा मुलाला क्वार्टरबॅक करायचं, तर वाचायचं काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. श्रीधरने ते स्वतःकडे घेतलं. टीमची सगळी पद्धत त्याने बदलली. पोरं झटपट रांगेत उभी राहायची आणि सगळ्यांनी मान वळवून मैदानाबाहेर श्रीधरकडे बघायचं. श्रीधर समोरचा बचाव बघून ठरवायचा आणि एक मोठा पुठ्ठ्याचा बोर्ड वर करायचा. बोर्डावर चित्रं. ती त्याने माझ्याच किचनमधून उचलली होती. लाटणं, किसणी, कुकर, झारा. लाटणं म्हणजे डावीकडे झटकन फेक, कुकर म्हणजे थांबून लांब फेक, असं काहीतरी. यॉर्कशरची गोरी पोरं मैदानात “लाट्ना! लाट्ना!” ओरडायची आणि समोरच्या टीमला काही कळायचं नाही. मिहिरने फक्त एकाच खेळाडूकडे बघायचं. तो मोकळा असेल तर फेकायचं, नसेल तर स्वतः पळायचं. दोन वर्षं त्यांनी धडाधड सामने जिंकले. टॉमला चेंडू झेलणाऱ्यांत टाकलं होतं, तिथेही तो जीव तोडून धावायचा. मी व्हॅनमधून वड्यांचे डबे घेऊन जायचे, मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडायचे. मला वाटलं, हा खेळ माझ्या मुलासाठीच जन्माला आलाय. एकदा घरी निघताना मी श्रीधरला म्हटलंसुद्धा, “बघ, म्हणे डोळे तयार करायला वेळ लागतो!” तो बोर्ड व्हॅनमध्ये नीट रचत होता. “जिंकतोय हे खरंय वहिनी,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या एका क्लबने मिहिरला दहा दिवस चाचणीला बोलावलं. तिथे हा खेळ थोड्या गंभीरपणे घेतात, राहायला खोली देतात, पगार देतात. मी सुट्टी काढून त्याच्याबरोबर गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या हातात खेळींची जाडजूड वही ठेवली. तिथली पद्धत निराळी. खेळाडू गोल करून उभे राहतात, क्वार्टरबॅक त्यांना खेळी सांगतो, मग रांगेपाशी येऊन समोरचा बचाव स्वतः वाचतो, गरज पडली तर जागेवर खेळी बदलतो. चेंडू हातात आल्यावर पहिला पर्याय, नाहीतर दुसरा, नाहीतर तिसरा, आणि प्रत्येक नजरेबरोबर पावलं मोजून मागे जायचं. मिहिर रांगेपाशी आला. आणि त्याने मान वळवली. मैदानाबाहेर बघितलं. तिथे एक जर्मन कोच हाताची घडी घालून उभा होता. त्याने फक्त बोट पुढे केलं, मैदानाकडे. मिहिरने पुढे पाहिलं, पुन्हा बाहेर पाहिलं. दहा दिवस त्याची मान वळतच राहिली. शेवटच्या दिवशी तो कोच मला म्हणाला, मुलाचा हात सुंदर आहे, पण याला कोणी स्वतः विचार करायलाच शिकवलं नाही. विमानात मिहिर खिडकीकडे तोंड करून बसला होता. माझा वीस वर्षांचा मुलगा, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचं धैर्य झालं नाही.

लीड्सला उतरल्या उतरल्या मी श्रीधरकडे गेले. या वेळी डबा नव्हता. “तू त्याची कळसूत्री बाहुली केलीस,” मी म्हटलं. आणखी पुष्कळ म्हटलं. मी रागावले की माझ्या तोंडाला लगाम नसतो. त्याने एकदाही मला आठवण करून दिली नाही, की वहिनी, हे तुम्हीच मागितलं होतं. तो म्हणाला, “एक वर्ष हातात आहे. करतो काहीतरी.”

त्याने सगळे बोर्ड रिसायकलिंगला टाकले. रोज ऑफिसनंतर मिहिरला घेऊन तो माझ्या गोडाउनमध्ये यायचा. जागा मोठी आणि कोरडी, म्हणून. माझे फ्रायर, ओव्हन, चाकांवरचे फ्रीज तो बचावाच्या खेळाडूंसारखे मांडायचा. मिहिरने डोळे मिटायचे, श्रीधर दोन-तीन यंत्रं इकडची तिकडे करायचा, मिहिरने डोळे उघडायचे आणि तीन सेकंदांत सांगायचं, काय बदललं, जागा कुठे मोकळी झाली. “मागचा उंच फ्रीज पुढे आलाय.” “मग?” “मग त्याच्या पाठी कोण नाही.” “मग?” मी ऑफिसच्या काचेतून बघायचे आणि चिडायचे. सकाळी गिऱ्हाईक आलं की पिझ्झा ओव्हन सापडायचा नाही.

आणि ते वर्षभर हरले. एकच सामना जिंकले, तोही समोरच्या टीमचे निम्मे खेळाडू बसच्या बिघाडामुळे उशिरा आले म्हणून. मिहिर रांगेपाशी उभा राहून बघत बसायचा आणि तेवढ्यात त्याला कोणीतरी आडवा करायचा. चुकीच्या माणसाकडे चेंडू जायचा. पहिल्या दोन वर्षांत जी पोरं त्याला खांद्यावर घेत होती, ती आता सामना संपला की गप्प बॅगा भरायची. मला ते बघवत नव्हतं. शेवटच्या सामन्यात तो चिखलात पडला आणि बराच वेळ उठला नाही, तेव्हा सामना संपल्यावर मी सगळ्यांसमोर श्रीधरला फैलावर घेतलं. मराठीत, पण आवाज कळायला मराठी यावं लागत नाही. “जिंकणाऱ्या मुलाला तू हरायला शिकवलंस. माझ्या मुलावर प्रयोग करायचा अधिकार तुला कोणी दिला?” तो खाली वाकून मैदानातले खुणेचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होता. एकात एक घालत गेला. शेवटचा कोन घातल्यावर म्हणाला, “वहिनी, गार पडलंय, गाडीत बसा.”

दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. दिवाळीला यांनी त्याला बोलावलं, मी ताट वाढलं, पण समोर बसले नाही. मिहिर इंजिनिअर होऊन नोकरीला लागला, चाचण्या वगैरे पुन्हा कधी दिल्या नाहीत. मला एवढंच माहीत होतं, की माझ्या मुलाला एक दार उघडलं होतं आणि ते श्रीधरमुळे बंद झालं. पहिल्या दोन वर्षांमुळे की तिसऱ्या वर्षामुळे, हे मी कधी नीट ठरवलं नाही. दोन्हींचा राग त्याच्यावरच धरला.

तो शेवटचा भेटला इंडियन ग्रोसरीच्या कार पार्कमध्ये, जाण्याच्या महिनाभर आधी. मी तांदळाचं पोतं ट्रॉलीतून उचलत होते. मागून येऊन त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि व्हॅनमध्ये ठेवलं. “गुडघा कसा आहे, वहिनी?” “ठीक आहे.” “मिहिर?” “तोही ठीक.” तो तिथेच उभा राहिला. त्याला आणखी काही बोलायचं असावं. मी व्हॅन सुरू केली...

क्रेमॅटोरियममध्ये त्याने शिकवलेली सत्तर-ऐंशी पोरं आली होती. काही आता बाप झालेली. टॉम आला. त्याने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, की त्या वर्षी त्याला हटवताना श्रीधर त्याच्या खोलीवर गेला होता आणि त्याने माफी मागितली होती. “म्हणाला, चूक माझी आहे, पण या बाईंनी मला दोन वर्षं जेवू घातलंय, मला त्यांना नाही म्हणता येत नाही.” टॉमला ‘या बाई’ म्हणजे कोण, हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. तो माझ्याकडे अगदी मायेने बघत होता. मला त्या क्षणी श्रीधरचा इतका राग आला, की रडूच आलं. अरे, म्हणायचं होतंस ना! मी आयुष्यभर ‘नाही’ ऐकूनच इथवर आलेली बाई. बँकेने नाही म्हटलं, कौन्सिलने नाही म्हटलं, घाऊक बाजारातल्या प्रत्येक पुरुषाने आधी नाहीच म्हटलं. तू एकदा म्हटलं असतंस, मी दोन दिवस फणफणले असते आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आले असते. तुझ्याबद्दलची माझी तक्रार आहे ती ही आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

फ्लॅट आठवड्यात रिकामा करा, असं फ्लॅट भाड्याने देणाऱ्या एजन्सीतल्या एका मुलीने कळवलं. मी त्या मुलीला फोन केला. एक महिना मागितला. तिने नियम सांगितला, मी तिला फ्लॅटच्या बॉयलरच्या राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी सांगितली. शेवटी तीन आठवड्यांवर तुटलं. घरात सामान फारसं नव्हतं, एका दुपारचं काम. पण मला ती खोली हवी होती. दोन मोठे स्क्रीन असलेलं टेबल, खाली हार्ड ड्राइव्ह, आणि त्यात सगळ्या वर्षांचे सगळे सामने, तारखांनुसार लावलेले. रविवारी मी आणि मिहिर तिथे जाऊन बसायला लागलो. दुसऱ्या रविवारी मी त्याला सरळ विचारलं.

“काकाने तुझं नुकसान केलं का रे? खरं सांग.”

त्याने तिसऱ्या वर्षाचा शेवटचा सामना लावला आणि एका जागी थांबवला. “इथे बघ. तुला काय दिसतो?”

“तू आता पडणार आहेस, ते दिसतंय.”

“आई, सीरियसली.” त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा सेफ्टी, सगळ्यात मागचा डिफेंडर, तो हळूहळू पुढे येतोय. बाकी दहा जण ॲक्टिंग करतायत. त्याच्या पाठी सगळी जागा ओपन आहे. मी कॉल चेंज केला, स्वतः. कोणी सांगितला नाही मला. आता बघ.” त्याने व्हिडिओ पुढे नेला. चेंडू त्याच्या हातातून सुटला, लांब, उंच, आणि जिथे कोणीच नव्हतं तिथे आमचा खेळाडू धावत पोहोचला. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत पडला आणि निसटला. मिहिर चिखलात आडवा. हीच ती खेळी, जिच्यानंतर तो बराच वेळ उठला नव्हता.

“लागलं होतं ना तुला?”

“नाही गं. मी हसत होतो. मला पहिल्यांदा सगळा दिसला होता, पूर्ण फील्ड. जर्मनीत मला हेच विचारत होते.” त्याने व्हिडिओ परत मागे नेला. “पहिली दोन वर्षं मी बसलो असतो तर हे आधीच झालं असतं. काका म्हणाला होता मला. पण म्हणाला, तो निर्णय त्याचा होता, त्याचा मिस्टेक.”

माझा मुलगा अजूनही ती चूक काकाचीच समजतो, हे कळायला मला ही खोली लागली. मग मी त्याला सांगितलं. कोथिंबीरवडी, वांगी, सगळं. तो ऐकत राहिला. रागावला नाही, निदान तेव्हा तरी नाही. उठून चहा टाकला, परत आला आणि म्हणाला, “हा प्ले पुन्हा लावतो. साउंड ऑन करून. कॅमेरा काकाच्या बाजूलाच असायचा.”

वाऱ्याचा आवाज, शिट्टी, पोरांचा गलका. मिहिर रांगेपाशी येतो, समोर बघत उभा राहतो. मागून एका बाईचा आवाज येतो, चिरका, घाबरलेला. मला ओळखायला क्षणभर लागला. “श्रीधर, बघत काय बसलायस! सांग ना त्याला! सांग त्याला कुठे टाकायचं ते!” आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून श्रीधरचा आवाज, हळू, मागे वळूनही न बघता बोलल्यासारखा.

“नाही, वहिनी. त्याला बघू द्या.”

मिहिरने व्हिडिओ थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. “तू हे ऐकलं होतं का, तेव्हा?”

“नाही,” मी म्हटलं. “मी ओरडत होते.”